'रास्त मूल्य' ठरवते कोण?

मार्च २०२१ मध्ये देशाच्या अर्थव्यवहारात एक विलक्षण वाद झाला आणि वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांबाहेर त्याची फारशी वाच्यता न होता तो मिटलाही. एका कर्जरोख्याचे आयुष्य किती वर्षांचे मानावे, हा तो वाद. बँका आपले भांडवल वाढविण्यासाठी 'अतिरिक्त टियर-१' या नावाचे रोखे विकतात. या रोख्यांना मुदत नसते. बँक व्याज देत राहते, मुद्दल परत करण्याचे बंधन तिच्यावर नसते, आणि साधारणतः पाच वर्षांनंतर तिच्या मनात आले व रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली तर ती ते परत घेऊ शकते. म्युच्युअल फंडांनी हे रोखे मोठ्या प्रमाणावर घेतले होते आणि पाच वर्षांनी ते परत घेतले जाणारच, असे गृहीत धरून त्यांची किंमत आपल्या हिशेबात लावली होती. १० मार्च रोजी 'सेबी'ने परिपत्रक काढून सांगितले की, ज्या रोख्याला मुदतच नाही त्याची मुदत मूल्यमापनापुरती शंभर वर्षे धरावी. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाचे पत्र निघाले: ही अट मागे घ्यावी. अशा सुमारे ९० हजार कोटी रुपयांच्या रोख्यांपैकी सुमारे ३५ हजार कोटींचे रोखे म्युच्युअल फंडांकडे आहेत, त्यांनी ते विकावयास काढले तर सरकारी बँकांना भांडवल उभे करणे महाग होईल, असे कारण त्यात होते. २२ मार्च रोजी सेबीने तडजोड जाहीर केली. ३१ मार्च २०२२ पर्यंत मुदत दहा वर्षे मानावी, नंतरचे सहा महिने वीस वर्षे, त्यापुढचे सहा महिने तीस वर्षे, आणि १ एप्रिल २०२३ पासून शंभर वर्षे.

ज्या वस्तूचे मूल्य ठरवावयाचे त्या वस्तूत या बारा दिवसांत तसूभरही बदल झालेला नव्हता. समजा, शंभर रुपये दर्शनी किमतीच्या रोख्यावर बँक वर्षाला नऊ रुपये व्याज देते, आणि तेवढ्याच जोखमीच्या कर्जावरील बाजारातील दर दहा टक्क्यांवर गेला आहे. रोखा पाच वर्षांनी परत होणार असे धरले तर त्याची आजची किंमत सुमारे ९६ रुपये २० पैसे येते. दहा वर्षे धरली तर सुमारे ९३ रुपये ८५ पैसे, आणि शंभर वर्षे धरली तर ९० रुपये. कागद तोच, बँक तीच, व्याज तेच. मंत्रालयाचे पत्र आले की नाही एवढ्यावर शंभरामागे चार-सहा रुपयांचा फरक पडावा आणि तरीही प्रत्येक वेळी निघालेल्या आकड्याला 'रास्त मूल्य' म्हणावे, ही आजच्या लेखांकनशास्त्राची अवस्था आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तर सेबीने शंभर वर्षांचा दंडकच बाजूला ठेवला. बाजारातील खरेदीदार ज्या तारखेला रोखा परत होईल असे धरून भाव देतात तीच तारीख धरावी, या राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाच्या मतानुसार मूल्यमापन पुन्हा परतीच्या तारखेवर आणण्यात आले. यांपैकी कोणती पद्धत शास्त्रशुद्ध याविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतात, आणि अखेरच्या निर्णयामागील तर्क सर्वथा चुकीचा होता असेही म्हणता येणार नाही. चिंतेची बाब निराळी आहे. कोट्यवधी रुपयांच्या बचतीचा भाव ठरविणारी ही देवघेव नियामक, मंत्रालय व फंडचालक यांच्यात झाली, आणि ज्यांची ती बचत होती ते युनिटधारक तिच्यात कोठेही नव्हते.

'रास्त' हा शब्द मराठी माणसाला रास्त भावाच्या दुकानामुळे परिचित आहे. त्या दुकानाचा कारभार धुतल्या तांदळासारखा असतो असा दावा कोणी करणार नाही. पण निदान तेथे भाव कोणी ठरविला हे ठाऊक असते आणि दुकानाबाहेर फलक लावण्याचे बंधन असते. कंपन्यांच्या ताळेबंदातील रास्त मूल्याची गोष्ट वेगळी आहे. जगातील बहुतेक देशांत २०१३ पासून आणि भारतातील मोठ्या कंपन्यांत एप्रिल २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या मानकाची व्याख्या सांगते की, मोजणीच्या दिवशी बाजारातील जाणत्या व्यक्तींमध्ये सुरळीत व्यवहार झाला असता तर मालमत्ता विकून जी किंमत मिळाली असती ती रास्त. 'झाला असता तर' आणि 'मिळाली असती' या दोन शब्दप्रयोगांवर या शास्त्राचा सारा डोलारा उभा आहे. मूल्यांची प्रतवारी तीन स्तरांत केली जाते. पहिल्या स्तरात शेअर बाजारात रोज भाव निघणाऱ्या वस्तू येतात. तेथे वादाला जागा कमी. दुसऱ्या स्तरात प्रत्यक्ष भाव नसतो, पण सारख्या वस्तूंच्या भावांवरून किंवा व्याजदरांवरून अंदाज बांधता येतो. तिसऱ्या स्तरात बाजारातून दिसणारे काहीच पुरेसे नसते. कंपनी स्वतः एक गणिती प्रारूप तयार करते, त्यात पुढील उत्पन्नाचे, बुडिताचे व व्याजाचे स्वतःचे अंदाज घालते, आणि जो आकडा बाहेर पडेल तो ताळेबंदात मांडते. त्यात वाढ झाली तर ती नफा म्हणूनही दिसू शकते. विक्री नाही, वसुली नाही, एक पैसा हाती आलेला नाही, आणि तरीही नफा!

या आकड्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत हे म्युच्युअल फंडाच्या उदाहरणाने ध्यानात येईल. फंडाकडील रोख्यांची किंमत फुगवून लावलेली असेल, तर त्या दिवशी पैसे काढणाऱ्यास वाजवीपेक्षा जास्त रक्कम मिळते, आणि ती रक्कम मागे राहणाऱ्यांच्या वाट्यातून जाते. प्रथम बाहेर पडतो तो कोण? ज्याच्या कचेरीत खजिनदार बसलेला आहे, ज्याला बातमी आधी कळते तो. मागे राहतो तो निवृत्त शिक्षक, गिरणीतून मिळालेली ग्रॅच्युइटी गुंतविणारा कामगार, पोस्टातील व्याजापेक्षा दोन टक्के अधिक मिळतील या आशेने आलेला कारकून. शिवाय फंडचालकाचे शुल्क फंडाच्या एकूण मूल्याच्या टक्केवारीने आकारले जाते. म्हणजे मूल्य जितके मोठे दिसेल तितकी त्याची प्राप्ती मोठी. आणखी एका व्यवस्थेकडे सहसा कोणी लक्ष वेधत नाही. म्युच्युअल फंडांना रोख्यांचे दर पुरविणाऱ्या संस्था ज्या उद्योगसमूहांतील आहेत, तेच समूह रोखे काढणाऱ्या कंपन्यांकडून शुल्क घेऊन त्यांचा पतदर्जाही ठरवितात. 'आयएल अँड एफएस' या कंपनीचा पतदर्जा ऑगस्ट २०१८ च्या प्रारंभापर्यंत सर्वोच्च होता आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी तो दिवाळखोरीच्या पातळीवर आला. सहा आठवड्यांत काही पूल कोसळले नव्हते की रस्ते वाहून गेले नव्हते. त्या समूहाच्या डोक्यावरील ९० हजार कोटींहून अधिक कर्ज आधीपासूनच होते. बदलली ती केवळ त्याविषयीची कबुली. ज्या भविष्यनिर्वाह निधींनी हे रोखे 'सुरक्षित' म्हणून घेतले होते त्यांच्या हिशेबात ते तोपर्यंत पूर्ण किमतीने उभे होते.

येस बँकेच्या प्रकरणात तर मूल्य शून्यावर कसे येते तेही दिसले. ५ मार्च २०२० रोजी या बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना ५० हजार रुपयांच्या वर रक्कम काढता येईना. १४ मार्च रोजी बँकेच्या ८,४१५ कोटी रुपयांच्या अतिरिक्त टियर-१ रोख्यांवर एका पत्राने पाणी सोडण्यात आले. भागधारकांचे शेअर, अडकून पडले तरी, शिल्लक राहिले. कर्ज देणाऱ्यांचे रोखे मात्र नाहीसे झाले. सेबीने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या आदेशानुसार १,३४६ व्यक्तींनी या रोख्यांत सुमारे ६७९ कोटी रुपये घातले होते, त्यांपैकी १,३११ जण बँकेचे स्वतःचेच ग्राहक होते, आणि २७७ जणांनी मुदत ठेवी मोडून सुमारे ८० कोटी रुपये इकडे वळविले होते. ठेव आणि हा रोखा यांतील भेद त्यांना नीट समजावून दिला गेला नव्हता, असा सेबीचा निष्कर्ष होता. २० जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रोखे रद्द करण्याचा निर्णय अवैध ठरविला आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील झाले. ज्यांनी ठेव मोडली त्यांच्यापुरते रास्त मूल्य एका दिवसात शंभरावरून शून्यावर आले. दहा वर्षे की शंभर वर्षे, हा फंडांचा वाद या घटनेनंतर बरोबर एका वर्षाने झाला, हे योगायोगाचे मानण्याचे कारण नाही. बेमुदत रोखा खरोखर बेमुदत असू शकतो, हे त्या मार्चमध्ये प्रथम उघड झाले होते.

यावर एक सोपा उतारा नेहमी सुचविला जातो: रास्त मूल्याची ही भानगडच नको, खरेदीची मूळ किंमत तेवढी हिशेबात ठेवावी. हा उतारा डाव्या विचाराच्या मंडळींनाही अनेकदा पटतो, कारण सट्टेबाजारातील चढउतार त्यात दिसत नाहीत. परंतु न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. भारतीय मध्यमवर्गाला हा धडा 'युनिट ६४' ने दिला. १९६४ साली सरकारी युनिट ट्रस्टने सुरू केलेल्या या योजनेत खरेदी-विक्रीचा भाव ट्रस्टचे व्यवस्थापन ठरवीत असे. त्यामागील शेअर व रोख्यांची बाजारातील किंमत काय, हे युनिटधारकास कळत नसे. १९९८ साली योजनेतील तूट उघड झाली, दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बाजाराधिष्ठित भावाकडे जाण्याची शिफारस केली, पण कृत्रिम भाव तसाच चालू राहिला. मग एप्रिल-मे २००१ मध्ये चार हजार कोटींहून अधिक रुपयांची युनिटे ट्रस्टला परत विकण्यात आली आणि त्यांतील फार मोठा वाटा कंपन्यांचा होता. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने सहा महिन्यांसाठी फेरखरेदी थांबविली. तोवर बडे बाहेर पडलेले होते. डिसेंबर २००१ अखेर दहा रुपयांच्या युनिटचे खरे मूल्य ५ रुपये ८१ पैसे निघाले. उरलेल्यांना दिलासा देण्यासाठी पडलेला खड्डा सरकारी तिजोरीतून, म्हणजे ज्यांनी आयुष्यात युनिट पाहिलेही नाही अशांच्या करातून, भरून काढावा लागला. सार्वजनिक क्षेत्रातील संस्थेने, लोकांच्या विश्वासावर उभ्या असलेल्या योजनेत, भाव झाकून ठेवला आणि त्याचा लाभ खाजगी कंपन्यांनी घेतला, ही गोष्ट सार्वजनिक क्षेत्राच्या कैवाऱ्यांनी विसरून चालणार नाही. झाकलेला भाव आणि बनवलेला भाव, दोन्हींत लुटला जातो तो एकच वर्ग.

रास्त मूल्याच्या तत्त्वाचे पुरस्कर्ते ते तत्त्व किती पाळतात, याची परीक्षा २००८ साली झाली. तोपर्यंत बँका व दलालपेढ्या घरकर्जांवर रचलेल्या रोख्यांचे वाढते मूल्य नफा म्हणून मांडीत होत्या आणि त्या नफ्यावर अधिकाऱ्यांना बोनस वाटीत होत्या. त्या वेळी बाजार शहाणा होता, त्याचा भाव अंतिम होता. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स कोसळली, तेच रोखे कोणी घेईना, आणि तोच बाजार एका रात्रीत 'अविवेकी' ठरला! युरोपीय आयोगाच्या दडपणाखाली आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने १३ ऑक्टोबर रोजी, नेहमीची सार्वजनिक विचारविनिमयाची प्रक्रिया गुंडाळून ठेवून, बँकांना काही रोखे रास्त मूल्याच्या वर्गातून काढून दुसऱ्या वर्गात टाकण्याची मुभा दिली. ही मुभा १ जुलैपासून, म्हणजे मागील तारखेपासून होती. घसरणीचा परिणाम दाखवावा लागू नये म्हणून वर्ग बदलावयाचा, आणि तोही घसरणीच्या आधीच्या भावाने! अमेरिकेत १२ मार्च २००९ रोजी प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे तेथील लेखामानक मंडळाच्या अध्यक्षांना बोलावून खडसावण्यात आले, आणि तीन आठवड्यांत, २ एप्रिलला, तेथील नियमही सैल झाले. चढत्या बाजारात मूल्य बाजाराने ठरवावे, उतरत्या बाजारात ते आपण ठरवू, अशी ही धनिकांची रीत आहे.

महाराष्ट्राला एन्रॉन ही कंपनी दाभोळच्या महागड्या विजेमुळे ठाऊक आहे. ती ज्या हिशेबपद्धतीवर फुगली ती पद्धत मात्र येथे फारशी चर्चिली गेली नाही. १९९२ च्या जानेवारीत अमेरिकी नियामकाने या कंपनीस वायूच्या दीर्घ मुदतीच्या करारांचे सारे भावी उत्पन्न आजच्या मूल्याने हिशेबात धरण्यास अनुमती दिली. पुढे हीच सवय इतर धंद्यांत शिरली. २००० साली एका चित्रफीत-भाडे कंपनीशी घरोघर चित्रपट पोहोचविण्याचा वीस वर्षांचा करार झाला, आणि तो नीट सुरू होण्यापूर्वीच एन्रॉनने त्यापोटी ११ कोटी डॉलरहून अधिक नफा मांडला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये करार मोडला आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनीच बुडाली. वीस हजारांहून अधिक कामगार-कर्मचारी होते. त्यांतील हजारोंची निवृत्तीची पुंजी त्याच कंपनीच्या शेअरमध्ये अडकलेली होती.

आपल्याकडे हे घडणार नाही असे मानणाऱ्यांसाठी इंडसइंड बँकेचे २०२५ मधील प्रकरण ताजे आहे. बँकेच्या एका विभागाने बाहेरच्या बाजाराशी केलेले डेरिव्हेटिव्ह करार बाजारभावाने मोजले जात होते, आणि त्यांच्या उलट बाजूने बँकेच्याच दुसऱ्या विभागाशी केलेले अंतर्गत करार निराळ्या पद्धतीने. हे अंतर्गत करार मुदतीपूर्वी मोडले की त्यातून नफा मांडला जाई. उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकलेल्या पैशाला मिळकत म्हणण्याचाच हा प्रकार. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनी एप्रिल २०२४ पासून असे अंतर्गत व्यवहार बंद केले, तेव्हा जुन्या हिशेबातील पोकळी उघडी पडू लागली. १० मार्च २०२५ रोजी बँकेने ती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी तिचा शेअर सुमारे २७ टक्क्यांनी पडला, आणि अखेर सुमारे १,९६० कोटी रुपयांचा फटका हिशेबात घ्यावा लागला. एप्रिल अखेरीस मुख्य कार्यकारी अधिकारी व त्यांचे उपप्रमुख पायउतार झाले. मे महिन्यात सेबीने अंतरिम आदेश काढून, ही माहिती बाहेर येण्यापूर्वी शेअर विकल्याचा प्रथमदर्शनी ठपका पाच वरिष्ठांवर ठेवला. वर्षानुवर्षे हिशेबतपासनीसांच्या सह्या या ताळेबंदांवर होत होत्या, ही गोष्ट वेगळी सांगावयास नको.

मग करावे काय? उत्तराचा काही भाग सरकारी कागदांतच आहे. रिझर्व्ह बँकेच्या त्याच २०२३ च्या निर्देशांत असे म्हटले आहे की, तिसऱ्या स्तरातील गुंतवणुकीच्या मूल्यवाढीतून निघालेल्या, पण प्रत्यक्ष न मिळालेल्या नफ्यातून बँकांनी लाभांश वाटू नये, आणि असा नफा त्यांच्या मुख्य भांडवलातून वजा करावा. कंपनी कायद्यातही २०१७ च्या दुरुस्तीने लाभांशासाठी नफा मोजताना काल्पनिक व न मिळालेला नफा वगळावा लागतो. म्हणजे हा नफा खरा नाही, हे कायदेमंडळाने व रिझर्व्ह बँकेने मान्य केलेले आहे. भागधारकाला जो वाटता येत नाही, तो अधिकाऱ्यांच्या कामगिरीच्या बोनससाठी आणि फंडचालकाच्या शुल्कासाठी का चालावा? तिसऱ्या स्तरातील मूल्यवाढ वसूल होईपर्यंत तिच्या आधारे कोणाचाही मोबदला ठरू नये, एवढा नियम करण्यास घटनादुरुस्ती लागत नाही.

दुसरी गोष्ट मूल्य काढणाऱ्याच्या स्वातंत्र्याची. दर पुरविणाऱ्या संस्था आणि पतमापन करणाऱ्या संस्था एकाच छत्राखाली असू नयेत, आणि रोख्यांचे दर काढण्याचे काम सार्वजनिक संस्थेकडे देऊन तिची पद्धत व गृहीतके खुली करावीत. युनिट ६४ चा अनुभव पाहता 'सार्वजनिक' हा शब्द पुरेसा नाही, म्हणूनच पद्धत खुली करण्यावर भर हवा. मंत्रालयाला एखाद्या रोख्याचे मूल्यमापन बदलून हवे असेल तर त्याने ते जरूर मागावे, पण ते पत्र संसदेच्या पटलावर ठेवावे आणि त्यामुळे कोणाच्या बचतीवर किती परिणाम होईल याचा हिशेब सोबत जोडावा.

आणि तिसरी गोष्ट भाषेची. तिसऱ्या स्तरात किती मालमत्ता आहे, गृहीतक थोडे बदलले तर मूल्य कितीने घसरते, ही माहिती मोठ्या कंपन्यांना वार्षिक अहवालात आजही द्यावी लागते. ती चाळिसाव्या-पन्नासाव्या टिपेत, बारीक टाइपात व इंग्रजीत असते. तिमाही निकालांच्या वृत्तपत्रीय जाहिरातीत तिचा मागमूस नसतो. फंडाने दर महिन्याला प्रत्येक युनिटधारकाला त्याच्या भाषेत तीन आकडे कळवावेत: आपल्या शंभर रुपयांपैकी किती रुपये बाजारातील रोजच्या भावाने मोजलेले आहेत, किती तुलनेने, आणि किती निव्वळ अंदाजाने. पगारदारांच्या पतपेढ्या, भविष्यनिर्वाह निधीचे विश्वस्त आणि त्यांवर प्रतिनिधी पाठविणाऱ्या कामगार संघटना यांनी ही मागणी सेबीकडे लेखी करावयास हवी, आणि विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत आपल्याच निधीपुरते हे तीन आकडे मागण्यास तर कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.